मला उपटून बघा

मी केबल बोलतेय. निळी, हातभर लांब, दोन्ही टोकांना पारदर्शक टोप्या. मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. लाज कसली त्यात? मी जे पाहिलं ते पाहून तुमचीही बोबडी वळली असती.

माझ्या जन्मात कौतुकाचं काही नाही. आठ तारा जोडीजोडीने पिळल्या, वर कातडं चढवलं आणि भेंडोळं करून पिशवीत कोंबलं. तिथून मला उचललं ताईने. साबणाच्या कारखान्यात कॉम्प्युटर आणि मशीनं एकमेकांशी नीट बोलतात की नाही, हे तपासायचं तिचं काम. हात हलका, जीभ तिखट. मला आवडली.

मशीन चालवणाऱ्या डबीला कंट्रोलर म्हणतात. एक कंट्रोलर वरच्या मजल्यावर, साबण घोटायच्या हौदापाशी. तसाच दुसरा ताईच्या टेबलावर, सरावाचा. कॉम्प्युटरने हाक मारायचा पत्ताही दोघांचा एकच ठेवलेला. ताई कॉम्प्युटरवरून हाक मारते, कंट्रोलर ओ देतो. ओ आली की जोडणी ठीक.

एकदा सरावासाठी तिने कॉम्प्युटरमधून हौदाची केबल काढली आणि त्याच भोकात मला खुपसून टेबलावरच्या डबीला जोडलं. नंतर बदलायचं राहून गेलं. बास, एवढंच.

दुसऱ्या सकाळी हौदाचं एक पातं वाकलं. हौद रिकामा केला आणि ते सरळ करायला तिचे सख्खे मामा, इथले फिटर, वर गेले. विजेचा खटका पाडायला जिना उतरावा लागतो, म्हणून हौद कॉम्प्युटरवरूनच बंद करायचा, ही इथल्यांची सवय. मला ती कधीच पटली नाही, पण मला विचारतो कोण?

ताईने हाक मारली. ओ आली. माझ्याच अंगातून! टेबलावरच्या डबीची! माझ्या आठही तारा गार पडल्या.

"मामा, हौद बंद केलाय. तिकडे बंद झाल्याचा हिरवा दिवा लागला का बघा हो," ताई वॉकीटॉकीवर म्हणाली.

"लागला, लागला!"

"बघितलात का नुसतंच म्हणताय?"

"अगं, तुझ्या मामीनेही माझी एवढी उलटतपासणी कधी घेतली नाही. हौदात उतरतोय मी."

दिवा लागला होता खरा, पण ताईच्या कोपराशी, चहाच्या कपामागे, टेबलावरच्या डबीवर. वरचा हौद चालूच होता, आणि साबण थिजू नये म्हणून त्याची पाती मधूनमधून आपोआप फिरतात, हौद रिकामा असला तरी. आता फिरतील, मग फिरतील... मी ओरडत होते हो! पण माझ्यातून जाईल ते सगळं कॉम्प्युटर 'ठीक' असंच वाचत होता.

ताईने चहा उचलला. मागचा दिवा दिसला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मामा, पाय बाहेर! बाहेर काढा!"

वरून घरघर आली. वॉकीटॉकीत नुसती खरखर. ताई जिन्याकडे धावली आणि मी मागे, टेबलावर एकटी. तेवढा वेळ कसा गेला ते मला विचारू नका.

मामा खाली आले ते तिच्या खांद्यावर हात टाकून, एकाच पायात बूट. दुसरा पात्यांनी नेला होता.

"मी दिव्याकडे बघितलंच नव्हतं गं. मामीला सांगू नकोस."

"सांगणार. आणि केबल बदलायची राहिली, ते माझंही सांगणार."

आता आधी खटका पडतो, मगच हौदात पाय. मला वर, हौदाचाच कंट्रोलर आणि खालून आलेली लांब केबल यांच्यामध्ये लावलंय. जोडणी तपासताना नुसत्या ओवर ताईचं समाधान होत नाही. ती स्वतः वर येते आणि मला खस्सकन उपटते. खाली कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर मामा, हातात वॉकीटॉकी.

"थांबली का ओ?"

"थांबली."

"बघून सांगताय?"

"डोळे फाडून बघतोय, माझे आई!"

ओ थांबली, म्हणजे बोलत होता तो खरा हौदच. तेवढा वेळ मी अधांतरी लोंबकळते. ना इकडचं ऐकू येत, ना तिकडचं. दरवेळी वाटतं, आता कोणी परत लावणारच नाही.

तरीही सांगते, माझ्या भीतीकडे बघू नका. उपटा मला.