नामपूरला धाडलेला म्हातारा

चांगुणाबाईंच्या अमोलला माणसं मरू न देण्याचा पगार मिळतो. नाशकात एका स्टुडिओत जपानी कार्टूनं मराठीत होतात, तिथं तो संवाद लिहितो. पोरांना धक्का बसता कामा नये, असा चॅनलचा हुकूम. मग दारूची बाटली दिसली की अमोल तिचं कोकम सरबत करतो, रक्त दिसलं की कापतो, आणि कोणी मेलं की त्याला परदेशी धाडतो.

त्याच कार्टुनातल्या म्हातारीला आवाज चांगुणाबाईंचा. सायखेड्याच्या शाळेत त्या जेमतेम दुसरीपर्यंत टिकल्या, म्हणून वाक्य अमोल कानात सांगतो आणि त्या माइकवर म्हणतात. म्हणतात म्हणजे सुनावतात.

गेल्या साली त्यांचे यजमान धोंडीराम दवाखान्यात वारले, तेव्हा अमोलनं घरातही तेच केलं. आपल्या पाच वर्षांच्या राखीला सांगितलं, "आजोबा नामपूरला त्यांच्या बहिणीकडे गेलेत." फोटो हारासकट कपाटात. सून योगिनीनंही मान डोलावली.

"अरे, त्यांचं बहिणीशी जन्मात पटलं नाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "मेल्यावर कशाला तिच्या दारात उभं करतो?"

"आई, लहान आहे ती."

राखीचं दुखणं वेगळंच होतं. आजोबांना दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी तिनं गमतीनं त्यांचा चष्मा लपवला होता. ते रागावूनच गेले, अशी तिची खात्री. चष्मा तिनं केव्हाच खिडकीत आणून ठेवला होता. रोज फ्रॉकनं पुसायची.

"नाय गं रागावले," आजी म्हणाली.

"मग येत का नाहीत?"

चांगुणाबाईंनी चष्मा घेतला आणि पदरानं पुन्हा एकदा पुसला.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी रेकॉर्डिंग होतं. पडद्यावर जपानी म्हाताऱ्याचा फोटो, पुढ्यात भाताची वाटी, भातात उभ्या खोवलेल्या जेवायच्या दोन काड्या, आणि सगळं घर गुडघे टेकून. तिकडचं श्राद्धच.

"म्हण आई, आज आजोबांचा वाढदिवस."

"मग ही बाई रडती का?"

"आनंदाश्रू आहेत ते."

"माझ्या वाढदिवसाला कोणी गाळले नाय."

पण म्हणाल्या. नोकरी लेकाची होती. मग पडद्यावरच्या पोरानं विचारलं, आजोबा कधी येणार? त्यावर 'लवकरच' एवढंच म्हणायचं होतं. ते काही तोंडातून निघेना. पाणी पिऊन झालं, चहा पिऊन झाला. शेवटी अमोलनं जुन्या भागातलं एक 'लवकरच' कापून तिथं चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी राखीला शेजारी खेळायला धाडून गच्चीवर फोटो मांडला, कावळ्यासाठी पान ठेवलं. वरणभात, वडे, खीर. कावळे पाण्याच्या टाकीवर ओळीनं बसले, पण एकही खाली येईना.

"दादा, आईला अंतर देणार नाही," अमोलनं फोटोला हात जोडले. कावळे ढिम्म.

"राखीला खूप शिकवू, मामंजी," योगिनी म्हणाली. तरी ढिम्म.

"ते इथं कशाला जेवतील?" चांगुणाबाई म्हणाल्या. "घरात सांगितलंय ना, नामपूरला हायेत म्हणून."

तेवढ्यात राखीच जिना चढून वर आली. फोटो पाहिला, हार पाहिला.

"पप्पा, हे काय?"

"बाळा, आज आजोबांचा वाढदि—"

"ते तुझ्या स्टुडिओत," चांगुणाबाईंनी त्याला मधेच कापलं. राखीला जवळ ओढलं. "आजोबा वारले, राखे. छातीत दुखलं, दवाखान्यात वारले. नामपूरला गेलेच नाय."

"माझ्यावर रागावले नव्हते?"

"रागावले असते तर वरडले असते. त्यांना मनात ठेवता येत होतं का?"

राखीनं विचार करून मान हलवली. मग भोकाड पसरलं. अमोल कठड्याकडे तोंड करून उभा राहिला. रडून झाल्यावर ती खाली गेली, चष्मा घेऊन आली, फ्रॉकनं पुसला आणि पानाशेजारी ठेवला.

एक कावळा टाकीवरून उतरला. चष्म्याला वळसा घालून त्यानं वडा उचलला.

"किती उशीर केला," अमोल नाक पुसत म्हणाला.

"नामपूरहून यायचं म्हणजे," चांगुणाबाई त्याच्या कानात म्हणाल्या, आणि पानं वाढायला खाली गेल्या.