चपला काढून बसायची गाडी

गाडीत शेळी होती. माझ्या गाडीत! मागच्या सीटवरचं जे तांबूस चामडं मी वीसेक वर्षं मऊ फडक्याने पुसलं, त्यावर चारी पाय रोवून एक शेळी उभी होती आणि सगळा बाजार तिच्या बापाचा असल्यासारखी लोकांकडे बघत होती. टप उघडा, वर रणरणतं ऊन. आणि गाडी चालवणारी ती गुरांची डॉक्टरीण मला बघून हात हलवते काय, "काका, बरे आहात ना?" म्हणते काय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाजीची पिशवी हातातून सुटली ती तिथेच, बटाटे रस्ताभर.

तुम्ही म्हणाल, गाडी विकलीत ना, मग आता ती तुमची कशी? विकली, कबूल. पण पोरीला सासरी पाठवली म्हणून बाप तिची चौकशी सोडतो का?

मी जन्मभर दुकानांची शोकेस बनवली. काच कापायची, कडा घासायच्या, आत मखमल चिकटवायची, धूळ शिरेल अशी एकेक फट बुजवायची. माझ्या शोकेसमधली वस्तू कितीही वर्षांनी काढा, काल आणल्यासारखी दिसणार. अशा माणसाला कन्व्हर्टिबल मिळाली, टप मागे दुमडून उघडी करता येते अशी, दोन दारांची, गर्द निळी. मग तिला मी कशी ठेवली असेल? घराखाली गॅरेज, गॅरेजात गाडी, गाडीवर सुती कव्हर, त्यावर प्लास्टिकचं. रविवारी दोन्ही कव्हरं काढायची, पुसायचं, इंजिन चालू करायचं. ते आधी खोकायचं, मग नाइलाज असल्यासारखं सुरू व्हायचं. जरा वेळ ऐकायचं, बंद करायचं, पुन्हा कव्हरं. गल्लीतली टारगट मंडळी तिला 'नवरी' म्हणायची, कायम पदराआड म्हणून. म्हणेनात का! त्यांच्या गाड्यांची दारं गंजून लोंबत होती.

वर्षातून एकदा, लग्नाच्या वाढदिवसाला, मी आणि ही तळ्यापर्यंत जाऊन यायचो. टप लावूनच. दुमडला की कापड घडीवर चिरतं, आणि उन्हाने चामडं तडकतं. "एकदा उघडा ना हो, नुसतं एकदा," ही म्हणायची. "पुढच्या वर्षी," मी म्हणायचो. आणि गाडीत चपला काढून बसायचं, हा नियम. चपला पिशवीत, पिशवी मांडीवर. केस ओले नकोत, तेल तर नकोच. ही सगळं पाळायची. पाहुण्याच्या घरी बसावं तशी सीटच्या कडेवर बसायची.

मग हिचे गुडघे गेले. हिची शिवणाची मशीन वरच्या खोलीत. डॉक्टरांनी सांगितलं, जिना बंद, आणि रोज सकाळी पोहण्याच्या तलावावर जाऊन कमरेएवढ्या पाण्यात चालायचं. खाली गॅरेजशिवाय जागा नव्हती. त्यामुळे गाडी गेली आणि तिथे मशीन आली. मी मोठ्या मनाने केलं हो सगळं. फक्त अधूनमधून म्हणायचो, "तुझ्या गुडघ्यांपायी गाडी विकली." म्हणजे चहा घेताना, जेवताना, आणि झोपताना दिवा मालवायच्या आधी. ही कधी काही बोलली नाही.

गिऱ्हाइकं मी पारखून घेतली होती. एकाचे हात मळके होते, एक शिट्टी वाजवत आला, दोघांनाही वाटेला लावलं. ही डॉक्टरीण तेवढी नीटनेटकी वाटली. म्हणाली, "काका, गाडीचे हाल होणार नाहीत, हा माझा शब्द. झाले असं वाटलं तर दिलेल्या किमतीत परत घेऊन जा. मी हूं की चूं करणार नाही." पैसे बँकेत ठेवले होते, त्याला मी हात लावला नव्हता. कशाला लावीन? मला माणसं कळतात.

आणि आता शेळी!

घरी आलो तर ही मशीनवर बसून कुणाच्या तरी पडद्यांना काठ शिवत होती. सकाळी तलावावरूनच न्हाऊन येते, पूर्वी केसांतून पाणी टपकत असायचं. हल्ली कोरडी येते, तोंडावर उन्हाची लाली. मी एकदा विचारलं होतं, बसमध्ये एवढे केस वाळतात कसे? तर म्हणाली, "खिडकीशी बसते."

मी बूट न काढताच सुरू झालो. शेळी, ऊन, टप, सगळं सांगितलं. हिने मान वर केली नाही.

"आजारी असेल हो ती शेळी," म्हणाली.

"म्हणून माझ्या गाडीत?"

"आता त्यांची आहे ना."

"शब्द दिलाय तिने! उद्या जातो आणि परत आणतो. डोक्यावर मिऱ्या वाटून घ्यायला मी काय मोकळा बसलोय?"

हिने मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं. "आणि ठेवणार कुठे?"

"कुठे म्हणजे? इथे. गॅरेज कशासाठी असतं?"

"मग मशीन?"

"मशीन वर नेऊ. तू काय, हळूहळू चढशील. दिवसातून एकदाच तर."

तिने दोरा तोडला. मला वाटलं आता भांडेल, आणि खरं सांगतो, भांडली असती तर मीही दोन गोष्टी ऐकवायला तयार होतो. पण ती नुसतं "बरं" म्हणाली. पडद्याची घडी घातली, मशीनवर झाकण ठेवलं आणि आत गेली. मी मात्र जिंकल्यासारखा दोन कप चहा प्यालो.

दुसऱ्या दिवशी ही नेहमीसारखी तलावावर गेली. जाताना दारात जरा थांबली होती, पण मी आरशासमोर भाषणाची तयारी करत होतो. बस पकडून जनावरांच्या दवाखान्यात पोचलो. बाहेर बाकावर माणसं बसलेली. एकाच्या मांडीवर टोपली, टोपलीत मांजर. एका बाईच्या हातात पोपटाचा पिंजरा. एक शेतकरी वासराच्या दोरीला धरून. डॉक्टरीणबाईंचा पत्ता नव्हता.

"येतीलच," मांजरवाला म्हणाला. "सकाळी त्या काकूंना तलावावरून आणायला जातात ना. मग इथे औषधांची पेटी उतरवतात, काकूंना सोडून येतात आणि बसतात."

"म्हणजे माझ्या गाडीतून गावाला फुकट फिरवतात वाटतं!"

"तुमच्या?"

झालं, मला तेवढंच हवं होतं. उभ्या उभ्या सगळी कथा ऐकवली. कव्हरं, चामडं, दिलेला शब्द, शेळी. पोपटवाली बाई च्यक् च्यक् करत होती, त्यामुळे मला आणखी जोर चढला. "आणि या काकू कोण म्हणायच्या? कुठल्या संस्थानच्या?"

"नाव नाही विचारलं कधी," मांजरवाला म्हणाला. "वयाने असतील तुमच्याएवढ्या. पण काय हसऱ्या बाई हो! गाडी कोपऱ्यावर यायच्या आधी त्यांचं हसू ऐकू येतं."

हसऱ्या म्हणाला. म्हणूनच माझ्या डोक्यात काही आलं नाही. मी बोलतच सुटलो. "गाडी जपता येत नाही तर घ्यावी कशाला? मी काय हौसेने विकली? बायकोच्या गुडघ्यांसाठी विकली मी! तिला जिना चढवत नाही, म्हणून काळजाचा तुकडा काढून दिला!"

मांजरवाल्याचा हात मांजरीच्या पाठीवर थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग पोपटवालीकडे. तिचं च्यक् च्यक् बंद झालं. "तुमच्या घरून..." तो हळूच म्हणाला, "त्यासुद्धा तलावावर जातात का हो?"

मी उत्तर द्यायच्या आधी कुणाचं तरी हसू ऐकू आलं. कोपऱ्यावरून, खरोखर गाडीच्या आधी. मी ते ओळखलं नाही. आमच्या घरात ते कधी ऐकलं नव्हतं.

मग गाडी वळली. टप उघडा. इंजिन कुठे खोकत नव्हतं, सुतासारखं सरळ चाललं होतं. मागे एक केसाळ कुत्रा. दारावर टॉवेल वाळत घातलेला, माझ्या घरचा, निळ्या पट्ट्यांचा. पुढच्या सीटवर रेलून, दुखरे पाय ऐसपैस पसरून, ओले केस पाठीमागे मोकळे सोडून ही बसली होती. डॉक्टरीण काहीतरी सांगत होती आणि ही तोंड उघडून, डोळे मिटून, पोट धरून हसत होती. पायात चपला होत्या.

गाडी थांबली. हिने डोळे उघडले आणि मी दिसलो.

हसू गेलं. एका झटक्यात गेलं. आणि मग ती माझ्याशी एक अक्षर न बोलता पुढे वाकली. तिला वाकवत नाही, वाकताना ती ओठ चावते, तशी वाकली आणि चपलेचा पट्टा सोडवायला लागली. एक चप्पल काढली, मांडीवर घेतली. मग दुसरी. मग दारावरचा टॉवेल ओढून घेतला आणि केसांखाली, सीटवर अंथरला. दवाखान्यासमोरची सगळी माणसं बघत होती. वासरू सोडून प्रत्येकाला कळलं होतं.

मला लाज वाटली. आयुष्यात कुणी मला चोर म्हटलं असतं तरी एवढी वाटली नसती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते काय असतं ते तेव्हा कळलं.

डॉक्टरीण खाली उतरली. चेहरा गंभीर. "काका, काकूंनी सांगितलं सगळं. शब्द दिलाय, मोडणार नाही. आज शेवटची फेरी म्हणून जरा लांबून, तळ्यावरून आलो, एवढंच." आणि तिने किल्ली पुढे केली.

बाकावरून कुणीतरी बोलेल, आत्ता हे काय काय म्हणत होते ते सांगेल, असं वाटत होतं. पण मांजरवाला टोपलीत बघत राहिला. पोपटवाली पिंजऱ्याचं दार उगाच उघडझाप करत राहिली. माझी अब्रू झाकली त्यांनी, आणि त्यानेच मी जास्त उघडा पडलो.

"कसली किल्ली?" मी म्हणालो. "मी... मी टायरमधली हवा बघायला आलो होतो. मागचं उजवं जरा बसल्यासारखं वाटलं काल बाजारात." आणि वाकून टायर दाबून पाहिलं. टायर दगडासारखं कडक होतं. "ठीक आहे. चांगलं ठेवलंयस."

"म्हणजे परत नको?"

"माझ्याकडे जागा कुठाय? तिथे मशीन आहे."

हे मी हिच्याकडे बघून म्हणालो. हिने मान हलवली, पण चपला मांडीवरच राहिल्या.

"बसा मग, तुम्हालाही सोडते," डॉक्टरीण म्हणाली. मी मागे कुत्र्याशेजारी बसलो. सवयीने माझाही हात बुटाकडे गेला होता, तो मी मागे घेतला. वीस वर्षांत मी या सीटवर कधी बसलोच नव्हतो. डोक्यावर आभाळ, अंगावर वारा, झाडं अशी जवळून जातात की हात लावावा. असं असतं तर हे! आणि हिने मागून मागून काय मागितलं होतं? नुसतं एकदा.

"चपला घाल ना," मी पुढे वाकून म्हणालो.

"असू दे."

"अगं घाल. मीच सांगतोय."

"असू दे हो. उतरताना घालीन." ती सीटच्या कडेवर बसली होती, पाठ न टेकता. केस आवळून त्यांचा अंबाडा घातला होता.

"केस तरी मोकळे सोड. वाळतील."

"नको. पाणी पडेल सीटवर."

टोमणा नव्हता त्यात. तोच घाव होता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं, उत्तरं द्यायला मी कधी कमी पडलो नाही. ती खरंच जपत होती, मी शिकवलं तसं. डॉक्टरीण समोर बघून गाडी चालवत होती. कुत्र्यानेसुद्धा माझ्याकडे पाठ केली होती. मघाशी याच गाडीत केवढं हसू होतं, आणि मी बसलो तर वाऱ्याशिवाय कशाचाच आवाज नाही.

बाजार आला तेव्हा मी म्हणालो, "मला इथे उतरव. दूध घ्यायचं राहिलंय."

"मी थांबते ना, काका."

"नको, नको. मी येतो चालत. तुम्ही जा. लांबून जा हवं तर, घाई नाही."

उतरलो. दार हळू लावायची सवय, ते हळूच लावलं. मग हिला म्हणालो, "उद्याही टॉवेल दारावरच वाळत घाल. चांगला वाळतो." ती माझ्याकडे बघत राहिली, खरं मानावं की नाही अशी.

गाडी निघाली. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत होतो. दुकानं संपली, मोठं झाड गेलं, आणि वळणाच्या जरा आधी तिचा हात मानेमागे गेला. अंबाडा सुटला. मग ती मागे रेलली. हसली की नाही ते इतक्या लांबून ऐकू आलं नाही.

मी दुधाच्या दुकानासमोर बराच वेळ उभा होतो. दूध मी सकाळीच आणलं होतं, आणि ते हिला माहीत होतं.