दुसरी काच

"बघा! बघा कसे वळवळतायत!"

शाळेच्या सभागृहात शे-सव्वाशे माणसं श्वास रोखून उभी होती. पडद्यावर माझ्या लेकीचं रक्त होतं. बोटातून काढलेला थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली धरून भिंतीएवढा केलेला. काळोखात गोल गोल पेशी आणि त्यांच्यामधून थरथरत नाचणारे असंख्य पांढरे ठिपके.

"हेच मधुमेहाचे किडे!" अर्क पाजून रोग घालवणारे अर्कदादा गरजले. "तीन वर्षं डॉक्टरांनी सुया टोचल्या. एक तरी मेला? उलट गुटगुटीत झालेत!"

लोक हसले. मीही हसले.

मग दादांनी माझ्या अकरा वर्षांच्या चिमणीला दोन चमचे अर्क पाजला, त्याच अर्काने तिचं बोट 'शुद्ध' केलं आणि पुन्हा टोचलं. नवा थेंब पडद्यावर आला. ठिपके गप्प.

"मेले!" टाळ्यांनी सभागृह दणाणलं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

आता एकच विधी उरला होता. घरचं औषध समोरच्या, आधीच्यांच्या औषधांनी भरत आलेल्या बादलीत टाकायचं. "औषध आणि अर्क एका घरात नांदत नाहीत, ताई," दादा मायेनं म्हणाले. इन्शुलिनची बाटली माझ्या मुठीत होती. त्यांच्या सांगण्यावरून सकाळची सुई मी दिलीच नव्हती. चिमणी चौथ्यांदा पाणी मागत होती. मनातल्या मनात जप सुरू करून मी मूठ बादलीवर धरली.

"अगं, थांब!"

दारात माझ्या थोरल्या नणंदबाई उभ्या. यांनी फोन केला म्हणून धावत आलेल्या. तीस वर्षं त्यांनी पेशींच्या अभ्यासात, प्रयोगशाळेत काढलीत.

"या या, शास्त्रज्ञबाई!" दादा खुलले. "यंत्र तुमच्याच शास्त्राचं. सांगा लोकांना, यात काही खोटं आहे का?"

वन्संनी चिमणीचा आधीचा थेंब पुन्हा लावायला सांगितला. बराच वेळ पाहिला. "ठिपके खरे आहेत. हलतात, तेही खरं."

दादांची मान ताठ झाली. माझी मूठ सैल व्हायला लागली.

"माझी सुरुवात याच ठिपक्यांनी झाली," वन्सं पुढे म्हणाल्या. "पेशीत काहीतरी जिवंत हलताना दिसलं. दीड वर्ष मी त्याच्यामागे वेडी. शोधनिबंध लिहून तयार. सरांनी एवढंच विचारलं, ज्यात जीवच नाही असं काही काचेवर ठेवून बघितलंस का? नव्हतं बघितलं. बघितलं, तर तेही तसंच हललं! निबंध फाडला, चार दिवस रडले. तेव्हापासून प्रयोग कुठलाही असो, ती दुसरी काच मी आधी मांडते. तुमची कुठाय?"

"श्रद्धेला काचा लागत नाहीत, बाई."

"मग घाबरता कशाला? मांडू द्या की!" मागून कुणीतरी ओरडलं.

वन्संनी चहाच्या टेबलावरचं उकळलेलं दूध घेतलं, पाण्यात मिसळलं, थेंब काचेवर ठेवला. पडद्यावर ठिपके नाचू लागले.

"अगं बाई, दुधालाही मधुमेह?" एक आजी म्हणाल्या. हशा पिकला.

"दूध नासलंय!" दादा.

"आत्ताच दोन कप चहा ढोसलात की त्याचा!" चहावाली.

"पाण्याचे डोळ्यांना न दिसणारे कण सारखे धडका देतात," वन्सं म्हणाल्या, "म्हणून दुधातल्या स्निग्धांशाचे बारीक थेंब थरथरतात. रक्तातही तेच, जेवणातल्या तेलातुपाचे थेंब. येताना पोटभर जेवून या, असं हे दादा सगळ्यांना उगाच नाही सांगत."

"मग अर्काने थांबले कसे?" माझा आवाज चिरकला.

वन्संनी मान हलवली. "ते मलाही अजून कळलेलं नाही."

दादा हसायला लागले. तेवढ्यात चिमणी कुरकुरली, "आत्या, माझं बोट चिकटतंय." तिनं ते तोंडात घातलं. "गोड आहे!"

वन्सं वळल्या. अर्काचे चार थेंब त्यांनी दुधाच्या थेंबात मिसळले. ठिपके मंदावले, रेंगाळले, थिजले.

"दाट पाक आहे हा! चिखलात कोण नाचेल? बोटाला पाक फासून टोचलं, तो रक्तात मिसळला. मेलं कुणीच नाही."

पडदा अचानक काळा झाला. "यंत्र तापलंय," दादा पुटपुटले. तार त्यांच्याच हातात होती.

मला मात्र एकच ऐकू येत होतं. पाक. सुई चुकलेल्या माझ्या मधुमेही पोरीला मी साखरेचा पाक पाजू दिला होता, तोही हात जोडून.

वन्संनी तिथेच तिचं दुसरं बोट धुऊन, माझ्या पिशवीतल्या यंत्रावर तिची साखर तपासली. आकडा फार चढलेला होता. त्यांनी माझ्या मुठीतली बाटली काढून घेतली, मोजून सुई दिली आणि आम्ही तडक रुग्णालय गाठलं. निघताना मागे वळून पाहिलं, तर माणसं बादलीत हात घालून आपापली औषधं शोधत होती.

चिमणी दोन दिवसांनी घरी आली.

माझा नेम आजही चुकत नाही. फक्त आधी सुई, मग जप. देवाला त्याचा राग येत असेल, असं मला वाटत नाही. त्याच्या नावावर पाक विकणाऱ्यांना येतो. तुम्हालाही कुणी पडद्यावर किडे मारून दाखवले, तर हात जरूर जोडा. पण त्याआधी चारचौघांत, न लाजता विचारा, "दुसरी काच कुठाय?"