खोलीकडचा रस्ता

देवीलाल राठोडला अख्खा तांडा हट्टी म्हणे, आणि खोटं कशाला बोला, तो होताच. वीज पडून घरातला राउटर जळला. नवा आणला, वायफाय सुरू झालं, पण अंगणापलीकडच्या खोलीतला कॉम्प्युटर काही केल्या फोनवर दिसेना. त्या खोलीत एके काळी छतापर्यंत कापूस असे. कापसाचे दिवस फिरले तशी ती रिकामी पडली, आणि लेकीनं, संगीतानं, तिथं आपला कॉम्प्युटर अन् दुसरा राउटर मांडला. लग्न होऊन ती पुण्याला गेली त्याला दोन वर्षं झाली. कॉम्प्युटरचा पडदा तर केव्हाच गेलेला; आतलं काही पाहायचं तर फोनवरूनच.

आणि आत होता तिचा ढावलो. सासरी निघालेल्या पोरीनं एकेकाच्या गळ्यात पडून, रडत रडत गायचं, त्याला बंजाऱ्यांत ढावलो म्हणतात. भावानं, जीवननं, सगळा व्हिडिओत भरून घेतला होता. हा बाप मात्र त्या सकाळी उरलासुरला कापूस घेऊन बोरी अरबच्या बाजाराला निघून गेला! असं कोणी करतं का? पण पोरीचं रडणं सोसायची छाती नव्हती, दुसरं काय. बायको मोतीबाई दुपारी घरात फोनवर ढावलो लावायची, तेव्हाही हा उठून बाहेर जायचा. आता ते बंद पडलं, तर याचाच जीव कासावीस.

शेवटी त्यानं पोरीला फोन लावला. दोन वर्षांत ती माहेरी आली नव्हती, बापाशी बोलणं कामापुरतंच.

"बापू, राउटर सोताहून रस्ता शोधत नाही," संगीता म्हणाली. "खोलीकडे जायचं असन तं कोणाच्या हातून जायचं, ते त्याले लिहून द्या लागते. मी सांगतो तसे आकडे टाक."

एका बोटानं त्यानं आकडे टाकले, दोनदा चुकला, राउटरला शिव्या घातल्या. रस्ता जतन झाला, तरी खोली दिसेना.

"निरोप खोलीपर्यंत पोचत असन," ती म्हणाली, "पण तिथल्या राउटरजवळ घरच्या जळलेल्या राउटरचाच नंबर हाय. वापस कुठी याचं, त्याले माहीत नाही. परतीचा रस्ता तिकडून टाका लागते. खोलीत जा लागन, बापू."

देवीलालनं मोतीबाईकडे पाहिलं. पोर सासरी गेल्यापासून त्यानं त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. कॉम्प्युटर चालू-बंद करायचं ते मोतीबाईनंच.

"माह्याकडे काय पाह्यता?" मोतीबाईनं किल्ली पुढं केली. "मी नाही जात. तुमचं तुमी पाहा."

गेला बिचारा. आरसे लावलेली तिची उशी खुर्चीत तशीच होती. त्यानं फोन खोलीच्या वायफायला जोडला, आणि कॉम्प्युटर झटक्यात समोर! खोलीत बसल्यावर रस्ता लागतोच कशाला? दोन आठवडे घरात बसून डोकं फोडून घेतलं, ते चाळीस पावलं चालायला नको म्हणून.

त्यानं ढावलो लावला. संगीता याडीच्या, आपल्या आईच्या, गळ्यात पडली, मग जीवनच्या. मग अंगणातल्या रिकाम्या खाटेजवळ बसली, खाटेचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि बापूचं नाव घेऊन गाऊ लागली. सगळ्यांत जास्त वेळ तिथंच. बाया तिला उठवत होत्या, ती उठेना. देवीलाल उशी छातीशी धरून हमसून हमसून रडला.

फोन वाजला. "जमलं का, बापू?"

"ऐकलं मी."

मग ती म्हणाली, "परतीचा रस्ता टाकला?"

"नाही टाकला."

"काहून?"

"तू ये, अन् तूच टाक. या खेपेले मी कुठीच जात नाही, बाई. खाटेवर बसून राहीन."