भिंतीपलीकडचं पाणी

चेअरमनना दोन गोष्टींची भारी हौस होती: ठराव मांडायची आणि तो एकमताने संमत झाला की टाळ्या घ्यायची. नोकरीत साहेबांच्या मागे फाइल धरून उभं राहण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर सोसायटीने खुर्ची दिली आणि माणूस तिला चिकटला तो चिकटलाच. तसा वाईट मुळीच नव्हता. पण आपल्याला चारचौघांत कोणी नावं ठेवेल याची त्यांना भयंकर धास्ती, आणि या धास्तीपायी माणूस काय काय करून बसतो ते आता सांगायचं आहे.

सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून त्यांच्या थोरल्या बहिणीची रोपवाटिका होती. आई लवकर गेली, तेव्हा या ताईनेच त्यांना कडेवर खेळवून लहानाचं मोठं केलं होतं. नवरा गेल्यावर तिने त्या तुकड्यावर विहिरीच्या जिवावर गुलाब, लिंबू, पेरूची रोपं वाढवली, विकली आणि कोणापुढे हात पसरला नाही. सोसायटीचे नळ कोरडे पडले की ती भिंतीतल्या भोकातून इकडे पाइप सोडायची. तिची मोटर सुरू झाली की पार्किंगमध्ये बादल्या-पिंपांची झुंबड उडायची आणि पलीकडून तिचा आवाज यायचा, "भांडू नका रे, सगळ्यांना पुरेल." वार्षिक सभेत चेअरमन तिच्या आभाराचा ठराव मांडत. ती सभेला नसायची, त्यामुळे टाळ्या चेअरमनच घेत.

पण माणसाच्या मनाचं काही सांगता येत नाही. फुकटचं पाणी हळूहळू लोकांच्या घशात अडकायला लागलं. तिसऱ्या मजल्यावरचे वकील एकदा सभेत तडकले, "घरी व्याही आलेले आणि मी खाली बादली घेऊन रांगेत! शोभतं का हे?" सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "किती दिवस दुसऱ्याच्या उपकारावर जगायचं? आपला स्वतःचा बोअर हवा." उपकार हा शब्द निघाला आणि सगळ्यांचा स्वाभिमान खडबडून जागा झाला. जिने कधी उपकार मोजलेच नाहीत, तिच्या उपकारातून सुटायला घरटी एक हात वर गेला. बोअर कुठे मारायचा यावर वादच झाला नाही. पाणी कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या भिंतीलगत जागा ठरली.

चेअरमन ताईला सांगायला गेले तेव्हा ती पिशव्यांमध्ये माती भरत बसली होती. तिने ऐकून घेतलं, हात झटकले.

"माझ्या विहिरीला काही होणार नाही ना रे?"

चेअरमनना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ताई विचारत होती आणि उद्या मशीन यायचं होतं.

"काही होत नाही गं. दगडाखालचं पाणी वेगळं असतं."

हे वाक्य कुठे ऐकलं होतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"तू म्हणतोस म्हणजे असेल," ताई म्हणाली आणि लिंबाचं एक टवटवीत रोप त्यांच्या हातात दिलं. "हे ने. दारात ठेव."

मशीन आलं. दिवसभर धडधड, कानाचे पडदे फाटायची वेळ आली. दगडाचा भुगा उडून ताईची रोपं पांढरी पडली. उन्हं उतरता उतरता पाण्याचा लोट उसळला, तेव्हा वकिलांसकट सगळे पोराटोरांसारखे भिजले आणि चेअरमनना मध्ये घेऊन फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी भिंतीतलं भोक सिमेंटने बुजवलं. पुढे कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला कॅन घेऊन यायला लागला, त्याच्या मागे चहावाला. चेअरमननी लगेच ठराव मांडला, पाण्याचा थेंब गेटबाहेर जाणार नाही, कोणासाठीही, कोणत्याही कारणासाठी. दणदणीत टाळ्या पडल्या आणि गेटवर तशी पाटी लागली.

मग ताईचा फोन आला. "विहीर खाली गेलीय रे."

"उन्हाळा आहे ताई."

थोड्या दिवसांनी पुन्हा आला. "मोटर नुसती हवा ओढतेय."

या वेळी त्यांनी नुसता फोन ठेवला. मागच्या खोलीच्या खिडकीतून रोपवाटिका दिसायची. आधी गुलाब माना टाकायला लागले, मग पेरू. ताई लांबच्या सार्वजनिक नळावरून कळशी आणायची आणि प्रत्येक रोपाला वाटी वाटी पाणी घालायची. चेअरमननी ती खिडकी उघडणंच सोडलं. त्यांना लाज वाटत होती, साधी सरळ लाज, आणि ती जेवताना, झोपताना पाठ सोडत नव्हती.

बायको एक दिवस म्हणालीच, "वन्सं एका शब्दाने बोलत नाहीत, पण मला त्यांच्याकडे बघवत नाही. अहो, चेअरमन आहात ना? भोक उघडा आणि आपला पाइप तिकडे सोडा."

सभेत त्यांनी विषय काढला.

"बहीण तुमची, म्हणून नियम वाकवायचा?" वकील म्हणाले.

"मलाही वाईट वाटतं हो," सेक्रेटरीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण आज त्यांना दिलं तर उद्या इस्त्रीवाला दारात उभा राहील. आणि ठराव तुमचाच आहे."

"तिने आपल्याला इतकी वर्षं..."

"ते त्यांच्या मर्जीने," वकिलांनी मध्येच तोडलं. "आपण थोडंच मागायला गेलो होतो?"

मागायला गेले होते. पहिल्यांदा स्वतः चेअरमनच गेले होते, रिकामी बादली घेऊन. वाक्य अगदी जिभेवर आलं. राजीनामा टेबलावर फेकता आला असता, निदान आवाज चढवता आला असता. पण समोर सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि उद्या जिन्यात काय कुजबुज होईल ते त्यांना आत्ताच ऐकू येत होतं. ते ग्लासातलं पाणी प्यायले.

"पुढचा विषय घ्या," ते म्हणाले.

पुढचा विषय पार्किंगमधले पट्टे रंगवण्याचा होता. तो एकमताने संमत झाला.

उन्हाळा संपायच्या आत रोपवाटिकेत हिरवं म्हणून काही उरलं नाही. एका दुपारी ताई चेअरमनच्या दारात उभी राहिली. बायकोने लगबगीने पाण्याचा ग्लास आणून पुढे केला.

"थांब, आत येऊन पिते," ताई म्हणाली. "बाहेर न्यायला बंदी आहे ना?"

बोलण्यात टोमणा नव्हता. नियम आहे म्हणून विचारावं तसं तिने खरोखरच विचारलं होतं, आणि चेअरमनना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती अर्धा ग्लास प्यायली. मग दाराशी वाकून लिंबाच्या कुंडीत बोट घातलं. माती कोरडी होती. उरलेलं पाणी तिने तिथे ओतलं.

"याला विसरत जाऊ नका. जागा बिल्डरला दिली मी. दिराकडे जातेय राहायला."

"दिराकडे? ताई, इथे राहा ना. हे घर तुझंच आहे."

"नको रे. मला बघितलंस की रोज खाली मान घालशील. ते माझ्याच्याने बघवणार नाही."

लहानपणी फिरवायची तसा तिने त्यांच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला आणि जिना उतरून गेली. चेअरमन पुरुषमाणूस, सत्तरीला टेकलेले, दारातच हमसून हमसून रडले. बायको त्यांना आत घ्यायला आली नाही.

बिल्डरने सगळ्यात आधी विहीर बुजवली. मग एका सकाळी भिंतीपलीकडे ओळखीची धडधड सुरू झाली आणि सोसायटीच्या गाड्यांवर पांढरा भुगा बसायला लागला. सेक्रेटरीबाई धापा टाकत वर आल्या. त्यांच्या मागे वकील, आणि खाली जिनाभर माणसं.

"चेअरमनसाहेब, ते आपल्या भिंतीला चिकटून बोअर मारताहेत! आपल्यापेक्षा कितीतरी खोल! आपल्या पाण्याला काही होणार नाही ना?"

चेअरमन प्लास्टिकचा मग घेऊन लिंबाला पाणी घालत होते. त्यांनी वळून सगळ्यांच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं.

"काही होत नाही," ते म्हणाले. "दगडाखालचं पाणी वेगळं असतं."

सेक्रेटरीबाईंचा जीव भांड्यात पडला. "तुम्ही म्हणता म्हणजे असेल," त्या म्हणाल्या आणि माणसं जिना उतरायला लागली. चेअरमननी मगातलं उरलेलं पाणी कुंडीत ओतलं आणि दार लावून घेतलं.