घेतलेला श्वास

घड्याळजी गेले तेव्हा मालिकेचा एकच भाग राहिला होता, आणि त्यातली आपली वाक्यं त्यांनी आधीच बोलून ठेवली होती. माणूस हिशेबी. मरतानाही कुणाचं काम अडवलं नाही.

मालिका नुसती ऐकायची. एका गल्लीत समोरासमोर दोन दुकानं, एक घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं, एक कपडे शिवणारीचं, आणि दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. वर्षानुवर्षं ती दोघं भांडत राहिली, लोक ऐकत राहिले, आणि स्टुडिओतही त्यांना घड्याळजी आणि शिंपीणबाई हीच नावं चिकटली.

लिहिणाऱ्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ओठांवर भांडण, प्रेम त्याच्या खाली. खालचं वर आलं की मालिका संपली." दोघांनी हे जरा जास्तच मनावर घेतलं. बाहेर एक अक्षर बोलायचं नाही, जे साठेल ते माइकसमोर टोमण्यातून काढायचं. जिन्यात भेट झाली तरी नुसती मान हलायची. बाहेर खर्च केलं तर आत काय उरणार, ही भीती. त्या भीतीपायी दोघांचे केस पिकले. ती विधवा, ते सडेफटिंग. अडवणारं जगात दुसरं कोणी नव्हतं.

घरी नणंद म्हणायची, "वहिनी, त्या मेल्याशी भांडून आलीस की तुला दोन घास जास्त जातात."

"ओरडून भूक लागते, वन्सं."

"मग माझ्याशी ओरडून बघ की."

ते गेल्याचं कळलं त्या दिवसापासून नणंदेने 'मेला' हा शब्दच घरातून हद्दपार केला होता.

आज शिंपीणबाई खोलीत एकटी उभी होती. समोर घड्याळजींचा माइक, त्याच्यापुढे बोलणाऱ्याची फुंकर अडवायला ताणून बसवलेलं पातळ काळं कापड, आणि खाली गालिच्यात त्यांच्या पावलांनी पडलेले दोन खळगे. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट.

"हेडफोनमध्ये त्यांची वाक्यं येतील, बाई," तो म्हणाला. "मध्ये तुमच्यासाठी जागा सोडलीय त्यांनी. पुढेमागे झालं तर मी नंतर जुळवीन."

तिला जुळवायचं होतं ते वेगळंच. इतकी वर्षं जे टोमण्याखाली दडवलं, ते आज पोचवायचं होतं. यानंतर समोरून उत्तर यायचं नव्हतं.

लाल दिवा लागला. कानात श्वास आला. टोमणा मारण्याआधी घड्याळजी नाकाने एक श्वास घ्यायचे. रेकॉर्डिस्ट एरवी सगळ्यांचे श्वास पुसून काढायचा, यांचा तेवढा ठेवायचा. त्या श्वासावरून तिला कळायचं, की आज गडी खुशीत आहे, की रात्रभर डोळा लागलेला नाही, की तिचा नवा चष्मा त्यांनी पाहिलाय.

"काय शिंपीणबाई, आज काज कुठे आणि बटण कुठे?"

"बटण जागेवर आहे. तुमचेच काटे फिरलेत."

"माझे काटे तुमच्या दाराशी येऊन थांबतात. दोष दाराचा."

यावर तिने म्हणायचं होतं, 'थांबू देत मेल्याचे.' कागदावर तसंच होतं. पण तिची दातखीळ बसली. सोडलेली जागा संपली असणार, आता त्यांचं पुढचं वाक्य येऊन आदळणार, असं तिला वाटलं. ते आलं नाही. कानात नुसती शांतता, कोणीतरी ऐकत उभं असावं तशी. तिने कसंबसं म्हटलं, "थांबू देत मेल्याचे."

मग श्वास. "मेल्याला घाई नाही, बाई. सावकाश."

घाई नसल्याचं कागदावर होतं. 'सावकाश' नव्हतं.

तिने तोच तुकडा पुन्हा घ्यायला लावला. या खेपेला मुद्दाम झपाट्याने बोलली. त्यांचंही वाक्य तेवढ्याच झपाट्याने आलं.

"अरे, तू तिकडून काही हलवतोयस का?"

रेकॉर्डिस्टने दोन्ही हात वर करून काचेला लावले. "मी कशालाच हात लावलेला नाही."

तिचा हात कानाकडे गेला. पण हेडफोन काढायची इच्छा काही झाली नाही.

शेवटचं वाक्य आलं. "दुकान बंद करतोय. उद्या भांडायला याल ना?"

"माझं खेटर येईल," तिने म्हटलं. आत कोणी झोपलेलं असताना दार लोटावं तितकं अलगद म्हटलं. सगळं त्यात घातलं. तरी शब्द खेटराचाच राहिला.

दिवा विझला. "झालं, बाई. छान झालं. त्यांचं एवढंच होतं."

पण कानात श्वास आला. लांब, आजवरचा सगळ्यात लांब.

"पुढे आहे काही?"

"नाही. मी बंद केलंय सगळं."

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. श्वास घेतलेलाच होता. सुटला नव्हता. आता तो समोरच्या माइकपाशी होता, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, आणि वाट पाहत होता.

मालिका संपली होती. दिवा विझला होता. म्हणजे हे बाहेरचं झालं, आणि बाहेर बोलायचं नाही असं ठरलेलं. तिने एकवार जिन्याकडच्या दाराकडे पाहिलं.

"येईन," ती म्हणाली. "भांडायला नाही. नुसती येईन."

समोरचं काळं कापड हळूच फुगलं आणि परत बसलं.

"मला म्हणालात, बाई?" काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने विचारलं.

"तुला नाही रे."

पिशवी उचलून ती निघाली. गालिच्यावरच्या त्या दोन खळग्यांपाशी आल्यावर तिने अंग चोरलं आणि वळसा घातला, माणूस उभा असताना बाजूने जातात तसा.