पाऊल न ठेवलेली जागा

निशिकांतने ‘चांदीची झाडं’ या शब्दांवर आडवी रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘डिस्टिलेशन कॉलम’. दोन ओळींखाली ‘झोपेत पुटपुटणारी आग’ होती. तीही त्याने खोडली.

“तिथे आग पुटपुटत वगैरे नाही,” तो म्हणाला. “फ्लेअर असतो. चिमणीच्या टोकावर जादा वायू जाळतात.”

टेबलापलीकडे चैत्राली हनुवटी तळहातावर टेकून आपलं पान उलटं वाचत होती. रविवारची सकाळ होती. सिंगापूरमधल्या क्लेमेंटीच्या त्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये खालच्या मैदानावरून चेंडूचा आवाज येत होता, फार दुरून आल्यासारखा.

“बाबा, हा रिपोर्ट नाहीये.”

“पण खरं असायला हवं. तुमच्या कागदावरच लिहिलंय.”

कागद खरोखरच तसा होता. चैत्राली सेकंडरी टूला, म्हणजे आठवीत होती आणि तिच्या शाळेत इंग्रजीचा एक निवडक वर्ग होता, वीस मुलांचा. वर्षाच्या सुरुवातीला मिस थामने या वर्गाच्या अपेक्षांची तीन पानं घरी पाठवली होती आणि निशिकांतने ती दोनदा वाचून सही केली होती. शेवटच्या सत्राला एकच मोठं काम होतं : जिथे तुम्ही कधी पाऊल ठेवलेलं नाही अशा जागेबद्दल लिहा. माहिती माणसांकडून मिळवा. मनाचं काही घालू नका. निम्मे गुण त्या एका लेखाला होते, आणि गुण कमी पडले तर पुढच्या वर्षी साध्या वर्गात जावं लागणार होतं. चैत्रालीचे आधीचे दोन लेख काठावर सुटले होते.

तिने जागा निवडली होती जुरोंग आयलंड, रसायनांच्या कारखान्यांचं बेट. बाबा अकरा वर्षं रोज कंपनीच्या बसने तिथे जात होता. पासाशिवाय तिथे कुणाला सोडत नसत आणि फोटो काढायला बंदी होती, त्यामुळे घरातल्या कुणीच ते बेट कधी पाहिलेलं नव्हतं.

“मग तूच सांग,” ती म्हणाली. “तिथे पक्षी असतात?”

निशिकांतच्या हातातलं पेन थांबलं.

“असतील.”

“असतील म्हणजे? इलेव्हन इयर्स लाह, बाबा.”

स्वयंपाकघरातून साधना हसली. निशिकांतला हसू आलं नाही. त्याने डोळे मिटून आठवून पाहिलं. व्हॉल्व्हचे नंबर आठवले, कंट्रोल रूममधले स्क्रीन आठवले, कॅन्टीनच्या भाताची चवसुद्धा आठवली. पक्षी मात्र आठवेना.

सोमवारी बस पुलावर चढली तेव्हा तो नेहमीसारखा डोळे मिटून बसला नाही. समुद्र शिशाच्या रंगाचा होता. पलीकडे टाक्या, नळ्या आणि मनोरे धुक्यातून एकेक करून वर येत होते, कुणीतरी सावकाश आठवून आठवून ते बेट मांडत असावं तसे. एका मनोऱ्यावरचे दिवे विझायचे राहिले होते. त्याला चांदीची झाडं आठवली आणि तो उगाच शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघू लागला.

संध्याकाळी चैत्राली वही घेऊन बसली होती.

“आज काय?”

“बगळा,” तो म्हणाला. तिच्यासमोर बसून असं काही सांगायचा त्याला संकोच वाटला. तो खिडकीशी गेला आणि बाहेर बघत बोलू लागला. “कूलिंग टॉवरच्या नाल्यात उभा होता. पांढरी वाफ आली की दिसेनासा व्हायचा. वाफ सरली की तिथेच. मला वाटलं, उडाला असेल. पण तिथेच.”

त्याच्या पाठीमागे पेन्सिल भराभर चालत होती.

मग ते रोजचंच झालं. ऊन ढगाआड गेलं की नळ्यांवरचा पत्रा टिकटिक वाजतो, हे त्याने एके दिवशी आणलं. बांगलादेशी फिटर अन्वर जेवणाच्या सुट्टीत कुंपणाजवळची चाफ्याची फुलं हेल्मेटमध्ये गोळा करतो, हे दुसऱ्या दिवशी. रिऍक्टरशेजारच्या एका भिंतीला हात लावला तर ती जनावराच्या कुशीसारखी ऊबदार लागते आणि आतून थरथरते, हे सांगताना त्याचा स्वतःचा आवाज त्याला अनोळखी वाटला. साधना हल्ली त्या वेळी टीव्ही बंद ठेवायची.

सप्टेंबरात सुमात्राच्या रानांतल्या आगींचा धूर समुद्र ओलांडून आला. सगळे त्याला हेझ म्हणत. समोरच्या इमारती पुसट झाल्या, सूर्य भरदुपारी नारिंगी टिकलीसारखा दिसू लागला, लोक मास्क लावून हळूहळू चालू लागले. असं दिवसच्या दिवस चाललं. त्यातल्या एका गुरुवारी निशिकांत घरी आला, तोंड धुऊन खुर्चीत बसला.

“आज काय?” चैत्रालीने विचारलं.

त्याने तिच्याकडे बघितलं.

“पाणमांजर,” तो म्हणाला. “धक्क्याशी एक जुनी नळी आहे. तिच्यावर झोपलं होतं. पोटावर पंजे ठेवून. नळी ऊबदार असते ना. माणसं शेजारून जात होती तरी उठलं नाही.”

चैत्राली त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने वहीत काहीतरी लिहिलं.

ऑक्टोबरात तिने लेख दिला. त्याने वाचायला मागितला, तर म्हणाली, “आता नको. तू करेक्ट करशील.” त्याने पुन्हा मागितला नाही.

नोव्हेंबरात पालकांना शाळेत बोलावलं. साधनाला ऑफिसमधून निघता येईना, म्हणून निशिकांतने अर्धी रजा टाकली. मिस थाम पस्तिशीची, बारीक आवाजाची बाई होती. वर्गातला पंखा तिच्या पुढ्यातली पानं पुनःपुन्हा उचलत होता. चैत्राली बाबाशेजारी आपल्या बुटांकडे बघत बसली होती.

“लेखाचे गुण मी अजून दिलेले नाहीत,” मिस थाम म्हणाली. “एका गोष्टीवर अडलेय. ती फक्त तुम्हीच सांगू शकता. धक्क्यावरचं पाणमांजर. ते तुम्ही स्वतः पाहिलंत?”

निशिकांतला तो कागद आठवला. मनाचं काही घालू नका. ती ओळ त्यानेच तर चैत्रालीला बोट ठेवून दाखवली होती. ‘हो’ म्हटलं की काम होणार होतं. बेटावर जाऊन पडताळायला कुणाकडे पास नव्हता. त्याने मुलीकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही.

“नाही,” तो म्हणाला. “मी पाहिलं नाही. तिची काही चूक नाही. मी सांगितलं ते तिने लिहिलं. गुण कापायचे असतील तर...” वाक्य तसंच सोडून तो म्हणाला, “खोटं मी बोललो.”

मिस थामने पानं हलकेच त्याच्याकडे फिरवली आणि शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं.

इंग्रजीत लिहिलं होतं : ‘माझे बाबा बेटाबद्दल नेहमी खिडकीकडे बघून बोलतात. पाणमांजराबद्दल सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला कळलं, हे पाणमांजर त्यांनी माझ्यासाठी बनवलंय. बेटावर मी कधी पाऊल ठेवणार नाही. पण तिथे आता कुणीतरी माझी आठवण काढतं, एवढं मला पक्कं माहीत आहे.’

“तुम्ही ‘पाहिलं’ म्हणाला असतात,” मिस थाम म्हणाली, “तर हा परिच्छेद मनाचा ठरला असता. मला काढायला सांगावा लागला असता.”

तिने पानं परत आपल्याकडे घेतली आणि वरच्या कोपऱ्यात श्रेणीचं अक्षर लिहिलं. निशिकांतने ते वाचलं नाही. चैत्रालीने वाचलं, आणि तिचे खांदे सैल झाले.

बाहेर हवा स्वच्छ होती. दोघं शाळेसमोरच्या बस स्टॉपवर उभे राहिले. रस्त्यापलीकडच्या झाडांचं पानन् पान वेगळं दिसत होतं.

“त्या दिवशी खरं काय बघितलंस?” तिने विचारलं.

“काहीच नाही. हेझ किती होता आठवतंय ना? समोरचा मनोरासुद्धा दिसत नव्हता. चार वेळा बाहेर जाऊन आलो.”

“मग?”

“मग काय. तुला काय सांगायचं, त्याचा विचार करत बसलो.”

“कधीपासून?”

“जेवणानंतर,” तो म्हणाला, आणि मग, “खरं तर सकाळपासूनच.”

क्लेमेंटीची बस वळणावर आली. ती थांबवायला चैत्रालीने हात वर नेला, आणि अर्ध्यातूनच खाली घेतला. बस त्यांच्यापुढून निघून गेली.

“अगं, आपलीच होती ती.”

“माहितीये,” ती म्हणाली आणि बाकावर बसून तिने शेजारची बॅग उचलून मांडीवर घेतली. “आधी सांग. अजून काय काय सुचलं होतं?”